सातव्या ओळीवरचं नाव

दापोड्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मेघालीने मुलींसोबत भिंतीवर आवर्तसारणी रंगवली होती. सोमवारी येऊन बघते तर सातव्या ओळीचा शेवट पुसून तिथे भिंतीसाठी रंगाचे डबे दान करणाऱ्या रामनाथशेठच्या वडिलांचं नाव!

"मॅडम, ती मूलद्रव्यं लॅबमधी बनवलेली. कुठं सापडत न्हाय. कोनाला लागतात?" शेठ हसले.

मेघालीचं डोकं फिरलं. "त्यात माइट्नेरियम होतं. लीझे माइट्नर या शास्त्रज्ञ बाईचं नाव! तो मान तिला मेल्यावर मिळाला, आणि तुम्ही पुसून टाकलात?"

टर्पेंटाइनचा बोळा घेऊन तिने शेठदेखत त्यांच्या वडिलांचं नाव घासून पुसलं. शेठ तणतणत उरलेले डबे घेऊन गेले. मग मुलींनी खडूनेच सगळी चिन्हं पुन्हा लिहिली.