रुखमीला पदर आला नाही

गोजराबाईच्या रुखमीला सोळावं सरत आलं तरी पदर आला नव्हता, पाळी सुरू झाली नव्हती, आणि या गोष्टीचा आनंद मानणारं आसेगावात हे एकच घर होतं.

त्याला कारण होतं. दौलतराव मास्तरांनी गावच्या आखाड्यात पोरींना दोरावरचा मल्लखांब शिकवायचं काढलं, तेव्हा जाणत्यांनी अटच घातली होती. पदर येईपर्यंत पोरीनं दोरावर खुशाल चढावं. आला की दुसऱ्या दिवसापासून चूल, आणि मग स्थळं. बरोबरीच्या पोरी एकेक करून गळाल्या. रुखमी तेवढी उरली.

पहाटे दोर, दुपारी पळणं, दिवेलागणीपर्यंत पुन्हा दोर. मास्तर वाईट नव्हते, पण दोरावर वजन त्यांना खपत नसे. "अर्ध्या भाकरीवर भागव, बाई. अंग जड झालं का दोर सुटलाच समज," असं ते म्हणत, आणि ही येडी अर्ध्यातलीही चतकोर ठेवून उठे. धाकटी चुलत बहीण उंचीनं तिच्या पुढे निघून गेली.

गोजराबाईला हे दिसत नव्हतं थोडंच! आईला सगळं दिसतं. पाहायचं नसलं की ती चुलीत फुंकर घालत बसते. तिचं स्वतःचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं आणि त्या घराची आठवण निघाली की अजून ती हातचं काम टाकून उठत असे. लेकीचा कोरडा जाणारा प्रत्येक महिना तिला देवानं वाढवून दिलेला वाटे.

"गोजरे, पोट्टीले डाक्टरले दाखव," शेजारची मनकर्णाबाई एकदा म्हणाली. "झाड वाढून नाई राह्यलं तं मुयाले पाहा लागते."

"देवाची मेहेरबानी हाय, मनकर्णाबाई. तुमी कायले नजर लावता?"

मग रुखमीची नडगी दुखू लागली. आखाड्यातून ती लंगडत निघे आणि घराजवळ आली की सरळ चाले. एकदा तेल चोळताना गोजराबाईचं बोट हाडावर टेकलं, तशी पोरगी कळवळली.

"माय, मास्तरले सांगू नोको. अकोल्याचे सामने होऊ दे."

गोजराबाईनं हळद लावली. आपलं चुकतंय हे तिला तेव्हाच कळलं होतं, पण कळून काय उपयोग? कळूनही दुसऱ्या पहाटे तिनं लेकीला आखाड्यात धाडलंच.

अकोल्याला रुखमी दोरावर अशी चढली की लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. उतरताना तिनं रोजच्यासारखा जमिनीजवळ दोर सोडला. उंची म्हणाल तर ओट्याएवढी. पाय टेकले आणि वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. टाळ्या थांबल्या तेव्हा गोजराबाई लेकीकडे धावत सुटली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं. "एवढ्याशा उडीनं तरण्या पोरीचं हाड मोडत नाही," त्या म्हणाल्या. "मेहनत फार, खाणं नाही, म्हणून पाळी अडली. हाडं भरायची ती याच वयात. हिची भरलीच नाहीत. इतके दिवस आणलं का नाही?"

"आमाले वाटलं, देवानंच थांबवलं."

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "आधी पोटभर खाऊ घाला. पाळी सुरू झाली की हाडंही भरू लागतील. गेलेलं सगळं भरून येईलच, असं मात्र मी सांगत नाही."

गोजराबाईनं दुधात भाकर कुस्करली आणि पहिला घास लेकीच्या तोंडाशी नेला. रुखमीनं मान फिरवली.

"खाय वं माये. काहून खाऊन नाई राह्यली?"

"खाल्लं तं पदर येईन," रुखमी म्हणाली. "मंग मले दोरावर कोन चढू देईन?"

गोजराबाईनं गळ्याची शपथ घातली, लेकीसमोर हात जोडले, शेवटी तिथंच रडायला लागली. पोरीनं ओठ उघडले नाहीत.