वहीत गेलेले दोन सेकंद

मी बुद्धिबळाच्या पटाशेजारचं घड्याळ. दोन चेहरे, दोन बटणं. दुतोंडी म्हणा हवं तर, पण कुणाचा एक सेकंदही मी कधी इकडचा तिकडे केलेला नाही.

दूरच्या विद्यापीठात शिकून परतलेल्या ताईंच्या बॅगेतून मी इथे आलो. शांत सभागृह, विचारात बुडालेली मुलं, असं काहीसं ताईंच्या मनात होतं. मिळाली ती छापखान्यामागची खोली, यंत्रांची धडधड आणि तीन-तीन मिनिटांचे ब्लिट्झ डाव झोडणारी दहा पोरं.

ताईंनी पहिल्याच दिवशी नियम घातला. "प्रत्येक चाल वहीत लिहायची. लिहिल्याशिवाय चूक कळत नाही."

"तीन मिनिटांच्या डावातसुद्धा?"

"त्यातसुद्धा."

चार दिवसांत पोरांनी वह्या गुंडाळल्या. छापखानेवाल्यांची मुलगी, जिला सगळे खार म्हणत, ती मात्र ताईंचा शब्द खाली पडू देईना.

मग ब्लिट्झ स्पर्धेची शेवटची फेरी आली. स्पर्धेतून निवडायच्या संघात एकच जागा उरलेली. समोरचा चष्मेवाला अर्ध्या गुणाने पुढे, म्हणजे खारीला जिंकायलाच हवं होतं. तिने त्याचं सगळं सैन्य कापून काढलं. त्याचा उरला एकटा राजा. हिचा राजा, वजीर, आणि मात एका चालीवर.

चष्मेवाल्याने राजा सरकवून बटण दाबलं. खारीचे माझ्याकडे दोन सेकंद होते. तिने आधी त्याची चाल वहीत लिहिली. मी शून्य दाखवलं.

"वेळ संपली हिची. मी जिंकलो."

"बस खाली," पंच म्हणाले. "एकट्या राजाने मात कशी देणार होतास? डाव बरोबरीत."

बरोबरी झाली आणि जागा त्याला गेली. पंचांनी वही उचलली. "पोरी, ब्लिट्झमध्ये चाली लिहायच्या नसतात. कुणी सांगितलं तुला?"



"मी सांगितलं," ताई म्हणाल्या.

"मला मात दिसत होती, ताई," खार एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई सगळ्यांच्या आधी आल्या. पट मांडला, माझ्यावर तीन-तीन मिनिटं लावली आणि खार येताच तिच्यासमोर बसल्या.

"मोठ्या डावांना वही राहील, ब्लिट्झला नाही. आणि रोजचा पहिला डाव माझ्याशी. मला भराभर खेळता येत नाही, तू शिकव."

"हराल, ताई."

"हरू दे. दाब बटण."

तिने दाबलं. येतो मी, दोघींचे सेकंद मोजायचे आहेत.