यशराजचा डबा

मी यशराजचा डबा बोलतोय. स्टीलचा, तीन पुडांचा. त्याला फौंड्रीत नोकरी लागली तेव्हा त्याच्या आईनं, संयोगिताबाईंनी, मला शाहूपुरीतल्या दुकानातून आणलं आणि झाकणावर त्याचं नाव कोरून घेतलं. सकाळी डबा भरताना बाई चर्चमधली गीतं गुणगुणत. यशराज हसायचा, "आई, मीठ गाण्यात पडलं वाटतं, भाजीत न्हाय!"

एका संध्याकाळी कामावरून परतताना दारू प्यालेल्या एका जीपवाल्यानं त्याची गाडी उडवली. मी गटारात जाऊन पडलो, एका बाजूनं चेपलो. यशराज जागीच गेला. चोवीस वर्षांचा होता.

जीपवाल्याचं नाव सयाजी. तिसऱ्याच रविवारी बाईंनी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, की प्रभूच्या कृपेनं मी त्याला माफ केलंय. शेजारणी घरी येऊन त्यांच्या विश्वासाचं कौतुक करून गेल्या. त्या गेल्यावर बाईंनी मला फळीवरून काढून मांडीवर घेतलं. "देवा, त्याचे हात झडू देत," त्या म्हणाल्या. पुढे कितीतरी दुपारी तेच म्हणत राहिल्या.

तीन वर्षं गेली. खटला चालूच होता. चर्चमधल्या बायका सरकारी दवाखान्यात जेवण न्यायच्या, म्हणून बाईंनी मला घासून पेज भरली. वॉर्डात एका म्हातारीनं त्यांचा पदर धरला.

"बाई, माझ्या लेकाला वाईच द्या की. दोन दिस पोटात काय न्हाय त्याच्या."

खाटेवर सयाजी होता. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. कोर्टात पाहिलेला चेहरा बाईंनी लगेच ओळखला. त्या मला घेऊन तडक बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. बायकांबरोबर आलेले चर्चचे पाळकसाहेब मागोमाग आले.

"साहेब, त्या रविवारी मी खोटं बोलले. न्हाय माफ केलं मी. अजून न्हाय."

पाळकसाहेब शेजारी पायरीवर टेकले. "मग घरी जावा," ते म्हणाले. "दुसरं कुणीतरी देईल पेज."

"दुसरं कोण देणार हाय?" बाई उठल्या आणि मला घेऊन पुन्हा वॉर्डात गेल्या.

झाकणावरचं नाव वाचून सयाजीनं तोंड फिरवलं. "मला नगं. कुणाला मारलंय ते ठाऊक हाय मला."

"मलाबी ठाऊक हाय," बाई म्हणाल्या. "तोंड उघड."

त्यांनी चमचा त्याच्या तोंडाशी नेला. अर्धी पेज त्याच्या हनुवटीवरून ओघळली. ती त्यांनी पदरानं पुसली. घरी आल्यावर मला इतकं खसाखसा घासलं की मला वाटलं, आज माझा पत्रा फाटणार. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी खाट रिकामी होती; सयाजी रात्रीच गेला होता. त्यानं माफी मागितली नव्हती, बाईंनीही दिली म्हटलं नव्हतं.

त्याची म्हातारी आई, धोंडुबाई, आता एकटीच राहते. तिला नीट दिसत नाही, चूल पेटवता येत नाही. रोज दुपारी मी तिच्याकडे जातो. काल तिनं चाचपत विचारलं, "बाई, माझ्या लेकाचा अजून राग येतो व्हय?"

"येतो की. रोज येतो," बाई म्हणाल्या, आणि तिचा हात धरून ताटावर नेला. "भात गरम हाय. फुंकून खावा."

माझी कडी आता नीट बसत नाही. भांडीवाला म्हणतो, मोडीत घाला. त्याला एवढीच विनंती, जरा थांब बाबा. म्हातारीला उद्याही भूक लागणार आहे, आणि बाईंचं माफ करणंही अजून पुरं झालेलं नाही.