किती थंडी धरायची

कंट्रोलरच्या पोटाखाली छापलेला तो बारीक आकडा – दीडशे व्होल्ट, याच्यावर नको – तिने अंगठ्याने पुसून पाहिला. धूळ पुसली की खालून दुसराच आकडा निघेल अशा आशेने. निघाला नाही. गच्चीच्या कठड्याला टेकून तीन सौर पॅनल उन्हात उभी होती. बाबांनी हौसेने आणलेली आणि ते गेल्यावर खोक्यातच राहिलेली. खाली खोलीत आई कपाटाचं दार उघडत होती, लावत होती, परत उघडत होती.

डोंगरावरच्या जुन्या घरी आईला परत जायचं होतं. एकटीला. विजेची तार तिथे कधी पोचलीच नाही, म्हणून ही पॅनल, ती बॅटरी आणि दोघांच्या मध्ये बसणारा हा कंट्रोलर. "तुझं हे जुळलं की मी निघालेच," आईने जाहीर केलं होतं. दुकानात जिला सगळे बॅटरीबाई म्हणतात तिला स्वतःच्या आईचं काम जुळवता येत नाही म्हटल्यावर लोक हसले असते... पण लोकांना विचारतंय कोण? विचारणार फक्त आई, आणि लेक सांगेल ते तिला खरं वाटणार.

जुळवायचं म्हणजे तसं अवघड नाही. पॅनल एकामागे एक जोडली की त्यांच्या व्होल्टची बेरीज होते, आणि आजच्या उन्हात ती बेरीज दीडशेच्या बरीच आत होती. पण पॅनलचं एक विचित्र असतं – थंडीत व्होल्ट चढतात. कडाक्याच्या सकाळी पहिलं ऊन पडतं, बॅटरीने अजून काही ओढायला घेतलेलं नसतं, तेव्हा सगळ्यात जास्त. त्या घटकेला आकडा ओलांडला की कंट्रोलर गेलाच. म्हणून आधी ठरवावं लागतं, तिथे जास्तीत जास्त किती थंडी पडते. पाणी गोठण्याइतकी धरली तरी जुळत होतं. त्याहून बरीच जास्त धरली, तरच नाही. मग मोठा कंट्रोलर मागवावा लागतो; पण असा काही मिळतो हे आईला कुठे माहीत होतं?

थोडं खोटं – थंडी जरा जास्त धरायची, जुळत नाही म्हणायचं, की आई इथेच. कोण बघायला येणार होतं?

आणि थंडी होतीच की तिथे... पहाटे नाकाचा शेंडा बधिर, पांघरुणाबाहेर पाय काढवत नाही, खिडकीची काच आतून पांढरी, त्या पांढऱ्यावर नखाने काढलेलं मांजर, आणि मांजराच्या पोटातून दिसणारी आई – अंगणात, लाकडं फोडताना, तोंडातून वाफ, कुणाशी तरी बोलतेय... कुणाशी? अंगणात दुसरं कुणी नसायचंच. गात असेल. इथे आल्यापासून ती एकदाही गायली नाही. इथे मी तिला काही करूच दिलं नाही ना – भाजी मी चिरते, तू बस. कपडे मी वाळत घालते, तू बस गं – आणि बसून बसून आईचा आवाज चढायला लागला, दाराच्या कडीवरून, ठिबकणाऱ्या नळावरून, कशाहीवरून. मला वाटायचं, वय झालं.

"काय गं ठके, लागतंय का काही मार्गी?" आई वर आली होती, हातात चहाचे दोन कप.

"आई, तिथे थंडी किती असायची गं? पाणी गोठायचं, त्याच्याहीपेक्षा जास्त?"

"छे! बादलीवर कधीमधी पापुद्रा यायचा, बोट लावलं की मोडायचा. तूच मेली घाबरट. ऊन अंगावर येईपर्यंत उठायची नाहीस."

"काचेवर बर्फ असायचा."

"कसला बर्फ! तुझ्याच श्वासाची वाफ ती. काहीतरीच तुझं." आईने कप कठड्यावर ठेवले. "मला दाखव तरी हे कसं मोजतात. तिथे तू थोडीच असणार आहेस?"

तिने एकाच पॅनलच्या तारा सोडवून मीटरच्या काड्या आईच्या हातात दिल्या. आईने जीभ दातांत धरून त्या टेकवल्या, निसटल्या, परत टेकवल्या. आकडा हलला, स्थिरावला. "जमलं की!" आई म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर काही काम केल्याचा आनंद दिसला. त्या आनंदाचा लेकीला चक्क मत्सर वाटला. त्या घराचा, डोंगराचा, आईला माझ्यापेक्षा हवीशी वाटणाऱ्या सगळ्याचाच.

मग तिला दिसलं... ही गच्ची, हा जिना, संध्याकाळी कुलूप उघडून मी आत येतेय, दिवा लावतेय, आणि "आलीस का गं?" असं कुणी विचारत नाहीये. अंगावर शहारा आला. तिथली थंडी मी कुठे मोजत होते? मी माझ्या या घरातली थंडी मोजत होते, आई गेल्यानंतरची.

"सांग ना एकदाचं, जुळतंय की नाही?" आई मीटरवरून नजर न काढता म्हणाली.

ऊन आईच्या मनगटांवर आलं होतं. तिला उत्तर ठाऊक होतं. "जुळतंय, आई," ती म्हणाली आणि दुसऱ्या पॅनलच्या तारा सोडवायला वाकली.