बोक्याची पसंती

बोक्या हे कुत्र्याचं नाव. ते छकुलीच्या आईच्या नवऱ्याने ठेवलं होतं, त्यामुळे त्यात शहाणपण शोधण्यात अर्थ नव्हता. छकुली जन्मल्यापासून बोक्याकडे बघायला घरात कुणालाच फुरसत नव्हती. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि ते छकुलीच्या आईला बघवायचं नाही. त्याला सोबतीण आणायची हा तिचाच हट्ट. पण बेवारस कुत्र्यांना सांभाळणाऱ्या संस्थेचा नियम पक्का होता: घरच्या कुत्र्याने पसंत केलं तरच नवं कुत्रं मिळणार.

आज घरातले सगळे बोक्याला घेऊन गाडीने संस्थेत भेटीला आले होते. संस्थेतल्या ताईंनी ठेंगीला अंगणात आणलं. आखूड पायांची, लांब कानांची ठेंगी शेपूट पोटाशी घेऊन थेट बाकाखाली शिरली. बोक्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो गेला कोपऱ्यातल्या फरशी पुसायच्या मॉपकडे, आणि गेल्या जन्मीची ओळख असावी तसा डोळे मिटून त्याचा वास घेत उभा राहिला.

ताई चक्रावल्या. "असं कसं? वासाची ओळख व्हावी म्हणून हिची चादर दिली होती ना तुम्हाला?"

"दिली होती की," सासूबाई म्हणाल्या. "सूनबाईंनी ती जंतुनाशकात दोनदा उकळली, मग बोक्याला दिली. मॉपलाही तोच वास येतो."

"घरात लहान मूल आहे हो!" छकुलीची आई कानापर्यंत लाल झाली.

"मग मॉपच नेऊ या," नवरा म्हणाला. "खायलाही लागत नाही."

"तू गप रे!" छकुलीची आई डाफरली.

एवढ्यात बोक्याने मॉप ओढला. बाकाखालून ठेंगी सुटली आणि तिने दुसरं टोक धरलं. बोक्या गुरगुरला. झालं, संपलं सगळं! आईने छकुलीला छातीशी धरलं.

"कुणी हलू नका," ताई हळूच म्हणाल्या.

ठेंगीने मॉप सोडला आणि ती चक्क उताणी झाली, चारी पाय आभाळाकडे. बोक्या थबकला. मग मॉप फरफटत आणून त्याने तिच्या पोटावर टाकला, पुढचे पाय जमिनीला टेकले आणि ढुंगण वर करून भुंकला: घे की!

मग काय विचारता! दोघं अंगणभर उधळली. बादली आडवी झाली, नवऱ्याच्या पायांना बोक्याच्या गळ्यातल्या दोरीचे वेढे पडून तो मटकन खाली बसला, छकुली टाळ्या पिटत किंचाळू लागली. तिच्या आईला तर हसून हसून उचकी लागली.

"काय, पसंत?" ताईंनी विचारलं.

"त्यालाच... हिक्... विचारा!"

विचारायची सोय राहिली नव्हती. गाडीचं दार उघडताच दोघं पुढच्या सीटवर एकमेकांच्या अंगावर रेलून बसली. स्टिअरिंगवर छकुलीची आई, मागे छकुलीची खुर्ची आणि सासूबाई. छोटी गाडी गच्च भरली.

"आणि मी?" नवरा म्हणाला.

"तू बसने ये, बाळा," सासूबाईंनी काच वर घेतली.