मधली पन्हाळ

हरणाबाईचं घर आणि तिच्या धाकट्या जावेचं, गजराबाईचं घर, यांच्यात मातीची एकच भिंत. दोन्हीकडचे पत्रे त्या भिंतीवर उतरलेले आणि मधोमध पन्हाळ. ती वाहती राहिली तर पाणी मागच्या बोळात जाई; तुंबली की थेट भिंतीत मुरे. हे दोघींनाही कळत होतं. भांडण होतं ते पन्हाळ उपसायची कुणी, याचं.

लिंबाचं झाड गजराबाईच्या अंगणात. पाला तिचा, तर उपसायचाही तिनंच, हा हरणाबाईचा कायदा.

"गजरे, तुझा लिंब माझ्या घरावर हगतोय बघ!" ती ओट्यावरनं ओरडायची.

"आक्का, दुपारच्याला सावलीत बसता तवा कुणाचा असतो लिंब?" गजराबाई हसायची, पण खराटा घेऊन वर चढायची. यंदा तिचे गुडघे धरले आणि चढणं सुटलं.

पितृपक्षात हरणाबाईनं मालकांची तिथी घातली. दुकानातली कागदी ताटं तिला चालत नसत. पळसाची पानं आणून, काड्या टोचून तिनं स्वतः पत्रावळ लावली. खीर, वडे, भात वाढून पत्र्यावर ठेवली. कावळा आला, लिंबावर बसला, मान वाकडी करून बघत राहिला आणि खाली उतरून गजराबाईच्या अंगणातला शिळ्या भाकरीचा तुकडा उचलून उडाला.

"मेल्यावरबी तिकडचंच ग्वाड लागतंय व्हय!" हरणाबाई संतापली. "न्हाय खायचं तर ऱ्हाऊ द्या तितंच." पत्रावळ तिनं पत्र्यावरनं उतरवलीच नाही.

मग पाऊस लागून राहिला. भिंतीवर ओल उतरली, पोपडे सुटले. हरणाबाईचा लेक श्रीमंत शिडी घेऊन आला.

"आई, पन्हाळ तुंबलीय. हातानं काढून येतो."

"खाली ठिव ती शिडी. आज तू काढलीस की जलमभर आपल्याच गळ्यात. तिचा पाला, ती बघंल."

भिंतीपलीकडनं गजराबाईचा आवाज आला, "आक्का, हात लावून बघा की. भिंत लोण्यागत झालीय. येक डाव चढू द्या पोराला. माझं पाय न्हायत चालत."

"लिंब लावताना चालत हुतं की!"

श्रीमंतचा एक पाय शिडीवर होता. त्यानं तो खाली घेतला.

दुपारी गजराबाई भिंतीलगतची ज्वारीची पोती ओढून कोरड्याला नेत होती. इकडं हरणाबाई चहाचं आधण ठेवत होती. एकाएकी घरात उजेड पडला, लिंबाच्या बाजूनं. भिंत नव्हती. पलीकडं गजराबाईची चूल दिसत होती, उतरंड दिसत होती. गजराबाई दिसत नव्हती.

माती उपसून माणसांनी तिला बाहेर काढलं तेव्हा तिच्या मुठीत पोत्याचा कान होता.

लिंबानं घात केला, असं सगळा गाव म्हणाला. गजराबाईचा लेक बब्रुवान कुऱ्हाड घेऊन आला आणि रडत रडत त्यानं झाड आडवं केलं. हरणाबाई उंबऱ्यात बसून बघत राहिली.

पडलेली पन्हाळ श्रीमंतनं ओढून काढली. लिंबाचा पाला बारीक. तो कुजून निम्मा वाहून गेला होता. तोंडाशी बसली होती पळसाची पत्रावळ, पानात पान टोचलेली, भाताची शितं चिकटलेली. ती त्यानं आईच्या पुढ्यात ठेवली.

हरणाबाईनं ती उचलून चुलीत सारली. ओली पानं पेटेनात. घरभर नुसता धूर झाला.

दहाव्याला सगळे तेरणेच्या काठी जमले. पिंड ठेवला. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. बब्रुवान हात जोडून म्हणाला, "आई, बहिणीला अंतर देणार न्हाय." कावळा हलला नाही. "तुझं घर परत उभं करतो." नाहीच.

"हरणाआक्का," भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "तुमी बोला. येका भिंतीला जलम काढला दोघींनी. काय तरी तुमच्यापाशी आडकलं आसंल तिचं."

हरणाबाई पुढं झाली. श्रीमंत तिच्याकडंच बघत होता. एक कावळा खालच्या फांदीवर आला, मान वाकडी करून बसला. तिचे ओठ हलले. तिनं पदर सावरला, बब्रुवानच्या बोडक्या डोक्याकडं बघितलं, मग जमलेल्या भावकीकडं.

"ऊन चढायलंय," ती म्हणाली. "दर्भाचा कावळा करा आन् शिवून घ्या."

दर्भाचा कावळा पिंडाला लावला. माणसं उठली. श्रीमंत आईसाठी थांबला नाही. काठाकाठानं तो एकटाच चालू लागला. हरणाबाईनं हाक मारायला तोंड उघडलं, पण मागं पिंड तसाच होता आणि कावळे तिच्याकडं बघत होते.