साटोरीच्या कृतीखालचं पान

काळ्या जाड पुठ्ठ्याची, कडेला दोऱ्याची शिवण असलेली आणि जरा कुबट वासाची एक वही, म्हणजे मी. मित्रांनो, तो वास माझा स्वतःचा नाही. थोडा धुराचा आहे, थोडा वेलचीचा, आणि उरलेला अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या एका बेसमेंटचा.

माझा जन्म इंग्लंडच्या उत्तरेकडे, एका पोलादाच्या गावात झाला. गावाचं नाव सांगत नाही. तिकडे तशी गावं पैशाला पासरी होती. एक नदी, काठाने भट्ट्या आणि भट्ट्यांना खेटून विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा. एरवी तिथे आगगाडीची चाकं व्हायची. महायुद्ध लागलं तशा तोफांच्या नळ्या व्हायला लागल्या. अंधार पडला की गावाने दिवे मालवायचे, असा हुकूम होता. गावाने तो निमूट पाळला. पण भट्टीला हुकूम कोण देणार? ती विझवली तर पोलाद आतच थिजतं. छपरांवर पत्रे चढवले, पडदे सोडले, तरी आकाशात तांबूस उजेड दिसायचाच. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

माझे पहिले मालक हॅरल्ड पिकप. दिवसा ते कारखान्यात साचे करायचे आणि संध्याकाळी फोर्ज स्ट्रीटचे वॉर्डन व्हायचे. वॉर्डन म्हणजे हवाई हल्ल्याच्या वेळी गल्लीतल्या माणसांना सांभाळणारा माणूस. रोज ते दारोदार जाऊन विचारायचे, "आज रात्री घरात कोण कोण झोपणार?" आणि उत्तर माझ्यात टिपून घ्यायचे. घर पडलं, तर ढिगाऱ्याखाली किती जणांना शोधायचं हे कळायला नको? लोक त्यांची टर उडवायचे. नव्याने लग्न झालेल्यांच्या दारात विचारताना तर त्यांचेच कान लाल व्हायचे. पण त्यांनी एकही दार कधी चुकवलं नाही. लिहायचे मात्र पेन्सिलीनेच. तिकडे पाऊस बारमाही; शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही.

१९४० च्या डिसेंबरात विमानं आली. बॉम्ब आणले होते भट्ट्यांसाठी, पडले बरेचसे घरांवर. फोर्ज स्ट्रीटची एक बाजू पार गेली. एका म्हातारीला बाहेर काढताना पिकपसाहेबांच्या अंगावर भिंत आली. मी त्यांच्या कोटाच्या खिशात होते. कोट घरी परत गेला आणि त्याच्याबरोबर मीही गेले. ज्या रात्रीसाठी मला इतके दिवस भरत आणलं होतं, त्याच रात्री मला कोणी उघडलं नाही.

पुढची बावीस वर्षं मी मिसेस पिकपच्या कपाटात काढली. मग पुण्याचे एकनाथराव तिथल्या पोलादाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि त्यांच्या माडीवर भाड्याने राहू लागले. वर्षभराने ते लग्न करून शैलजाबाईंना घेऊन आले. शैलजाबाईंना पदार्थांच्या कृती लिहायला वही हवी होती. मिसेस पिकपनी मला काढून दिलं. म्हणाल्या, "अर्धी पानं कोरी आहेत. कागद वाया घालवू नये." हे पुण्याच्या माणसाला पटायला कितीसा वेळ लागणार!

शैलजाबाईंचं अक्षर टपोरं होतं, शाई निळी. माझ्यात अळूवडी आली, अळू मिळत नाही म्हणून पालकवडी आली. १९७१ साली हे बिऱ्हाड न्यू जर्सीला आलं, तेव्हा पिठाच्या डब्याशेजारी बसून मीही आले. कोरी पानं संपली. दुसरी कोणी असती तर नवी वही घेतली असती. शैलजाबाईंनी सुट्या कागदावर लिहायचं आणि तो कागद कणकेच्या खळीने माझ्या जुन्या पानांवर चिकटवायचा, असा शिरस्ता पाडला. खाली पेन्सिलीने कोणाकोणाची परकी नावं आणि आकडे होते. कधीकाळी कोण कुठे झोपलं होतं, याच्याशी आता कोणाला काय करायचं आहे, असं त्यांना वाटलं असेल. वाईट काही नव्हतं त्यात. पण चूक होती. मी बोलू शकत नाही, नाहीतर सांगितलं असतं.

२००४ मध्ये शैलजाबाई गेल्या. सुनेने, पद्मिनीने, मला खोक्यात घालून बेसमेंटमध्ये ठेवलं. दोन वर्षांनी मला तिथून काढलं ते नात आन्याने. ती चौदा वर्षांची होती आणि शाळेत तिला दुसऱ्या महायुद्धावर प्रोजेक्ट होतं. कृतींच्या आधीच्या पानांवर तिला 'फोर्ज स्ट्रीट' दिसलं. तिने कंप्युटरवर शोधलं, तर त्या गावच्या हौशी इतिहास मंडळाचं पान निघालं. त्यांनी त्या हल्ल्यात गेलेल्यांची यादी दिली होती आणि लोकांकडून आठवणी मागवल्या होत्या. आन्याने माझ्याबद्दल ई-मेल पाठवली. चौथ्या दिवशी उत्तर आलं, त्यात एका बाईंचा प्रश्न होता.

त्यांचं नाव एडना. वय शहात्तर. चौदा नंबरमध्ये त्या वडिलांबरोबर राहायच्या; आई आधीच गेली होती. हल्ल्याच्या रात्री दहा वर्षांची एडना त्याच गल्लीत, एकोणीस नंबरच्या मैत्रिणीकडे झोपायला गेली होती. वडील, आर्थर होल्ट, शेजाऱ्यांबरोबर अंगणातल्या, बॉम्बपासून बचावाच्या आसऱ्यात सुखरूप होते. पहिला बॉम्ब पडल्यावर ते धावत घरात शिरले आणि दुसरा घरावरच पडला. "पोरीला शोधायला गेला बिचारा," असं गल्ली म्हणाली. गल्लीच्या तोंडाला कोण हात लावणार? एडनाला तर आठवतही नव्हतं, की जाताना आपण वडिलांना सांगितलं होतं की नव्हतं. सहासष्ट वर्षं त्या या एकाच प्रश्नाशी राहत होत्या. वहीत काही आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

आन्याने पानं उलटली. हल्ल्याच्या तारखेखाली एक ते दहा नंबरची घरं सापडली. एकवीसपासून पुढची सापडली. मधल्या पानावर रिकोटा चीजच्या साटोरीची कृती चिकटवलेली होती. उजेडासमोर धरल्यावर खाली चौदाचा आकडा आणि त्याच्यापुढे दोन ओळी असल्याचं दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं.

एकनाथरावांनी चष्मा पुसून पान पाहिलं. उभा जन्म प्रयोगशाळेत गेलेला माणूस तो. म्हणाले, "कोरडं सोललं तर खालचा कागद फाटेल. खळ कोमट पाण्यानेच सुटायची. पाणी लागलं की पेन्सिल राहील, शाई जाईल."

"मग नको, बाबा," पद्मिनी म्हणाली. "आईंच्या हातचं अक्षर आहे ते. मी स्कॅन करून ठेवते, पण ओरिजिनल गेलं की गेलं."

ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनाही फोन झाला. त्यांनीही शाईची हमी दिली नाही.

अडचण वेगळीच होती. त्या कृतीच्या तळाशी शैलजाबाईंनी लिहिलं होतं, 'ह्यांना आवडली. पुढच्या वेळी साखर एक चमचा कमी.' माझ्या सगळ्या पानांत त्यांनी नवऱ्याचा उल्लेख केला होता तो तेवढा एकदाच. एकनाथराव तीन दिवस मला उशाशी घेऊन होते. मला उघडायचे, तेवढीच ओळ वाचायचे आणि मिटून ठेवायचे.

चौथ्या दिवशी, शनिवारी सकाळी, आन्या त्यांच्यासमोर येऊन बसली. "आजोबा, शी इज सेव्हंटी-सिक्स. आपण स्कॅन केलंय ना? मग व्हाय आर वी वेटिंग?"

"मला आवडली, असं मी तुझ्या आजीला सांगितलंच नव्हतं गं," एकनाथराव म्हणाले. "चाळीस वर्षांत एकदाही नाही. खायचो आणि उठायचो. मग तिला कळलं कसं?"

आन्याने आजोबांचा हात धरला. ते उठले आणि स्वतःच परात घेऊन आले.

पाणी कोमट होतं. आधी साटोरीचं सारण विरघळलं, मग मैद्याचं प्रमाण. 'ह्यांना आवडली' बराच वेळ टिकून होतं. मग तेही परातीत निळं होऊन गेलं. मला दुखलं नाही, पण एकनाथरावांकडे मला बघवेना. त्यांनी चिमट्याने कागद अलगद उचलला. खाली पिकपसाहेबांची पेन्सिल जशीच्या तशी होती.

'१४. आर्थर होल्ट, एकटा. मुलगी एडना आज १९ नंबरला. बापाने स्वतः सांगितलं.'

इंग्लंडमध्ये तेव्हा दुपार होती. एकनाथरावांनी फोन लावला आणि एकेक शब्द सावकाश वाचून दाखवला.

"स्वतः सांगितलं?" एडनाबाईंनी विचारलं. "नक्की तसं लिहिलंय?"

"नक्की. त्यांना माहीत होतं तुम्ही कुठे आहात ते."

"मग ते आत कशाला गेले?"

ते माझ्यात लिहिलेलं नाही, मित्रांनो. जे मला सांगितलं गेलं तेवढंच मी जपलं. एकनाथरावांनीही उगाच काही जुळवून सांगितलं नाही. म्हणाले, "ते आम्हाला ठाऊक नाही."

मग एडनाबाईच म्हणाल्या, "कवळी. ती कपात ठेवलेली असायची. कवळी लावल्याशिवाय ते चारचौघांत उभे राहायचे नाहीत." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता रडल्या, दहा वर्षांच्या मुलीने रडावं तशा. एकनाथराव फोन धरून उभे होते. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

मित्रांनो, जुन्या वह्या जपा, असा उपदेश मी कोणत्या तोंडाने करू? मला माझी दोन्ही माणसं जपता आली नाहीत. एकाचं अक्षर राहावं म्हणून दुसरीचं गेलं. एवढंच सांगते, की पानावर पान चिकटवण्याआधी खालचं एकदा वाचा. आणि काही आवडलं तर ते ताटावर असतानाच सांगा, दुसऱ्याने ओळखून लिहून ठेवायची वाट बघू नका. परवा आमटीत मीठ नव्हतं, तरी एकनाथराव पद्मिनीला म्हणाले, "छान झालीये." मग आणखी एक भुरका मारून म्हणाले, "मीठ नाहीये. पण मला आवडली."